वाचकांचे प्रश्न : ग्रीन बे पॅकर्सचा १९६७चा हंगाम

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या छोट्या शहराचा ‘पॅकर्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ १९६०च्या दशकात पाच वेळा राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. त्यातील अखेरच्या, म्हणजे १९६७च्या हंगामाविषयी आमच्याकडे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : हा खेळ मला परका आहे. पुढचे समजण्यापुरते नियम थोडक्यात सांगाल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मैदान शंभर यार्ड लांब असते आणि यार्ड हा मीटरहून थोडा लहान असतो. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला, क्रिकेटच्या षटकात जसे ठरावीक चेंडू मिळतात तशा, चार चाली मिळतात. त्या चार चालींत किमान दहा यार्ड पुढे सरकता आले तर नव्या चार चाली मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू अखेरच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन होऊन सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर लाथेने खांबांमधून चेंडू मारून एक जादा गुण मिळवता येतो. टचडाउन शक्य नसेल तेव्हा लांबूनच चेंडू खांबांमधून मारतात. त्याला फील्ड गोल म्हणतात आणि त्याचे तीन गुण असतात. प्रत्येक चाल पुकारणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. पॅकर्सचा क्वार्टरबॅक होता बार्ट स्टार.

प्रश्न : १९६७मध्ये पॅकर्सनी चौदांपैकी नऊ सामने जिंकले, चार गमावले आणि एक बरोबरीत सुटला. त्याच वर्षी बाल्टिमोर कोल्ट्स शेवटच्या दिवसापर्यंत अपराजित होते, तरी त्यांना बाद फेरीतही जागा मिळाली नाही. अशा वेळी पॅकर्सना विजेते म्हणणे न्याय्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सचा नवा संघ दाखल झाल्यामुळे लीगमध्ये सोळा संघ झाले आणि त्यांचे चार-चार संघांचे चार गट पाडण्यात आले. बाद फेरीत फक्त गटविजेत्यांना प्रवेश होता. कोल्ट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स हे दोन बलाढ्य संघ एकाच गटात आले, आणि दोघांचीही अखेरची कामगिरी अकरा विजय, एक पराभव, दोन बरोबरी अशी तंतोतंत सारखी झाली. आपसातला पहिला सामना २४-२४ असा सुटला होता. १७ डिसेंबरच्या शेवटच्या साखळी सामन्यात मात्र रॅम्सनी कोल्ट्सना ३४-१० असे हरवले आणि तेवढ्यावर कोल्ट्सचा हंगाम संपला. पॅकर्सच्या गटात शिकागो बेअर्स, डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज होते. त्यांतला दुसऱ्या क्रमांकाचा बेअर्स संघ सात सामनेच जिंकू शकला.

कोल्ट्सवर अन्याय झाला असेच माझे मत आहे. मात्र तो गटांच्या रचनेने केला, पॅकर्सनी नव्हे. उलट ज्या रॅम्सनी कोल्ट्सना बाहेर काढले त्यांच्यावरच पॅकर्सना बाद फेरीत मात करावी लागली. आणखी एक गोष्ट रॅम्सच्या बाजूने सांगायला हवी. बाद फेरीचा सामना कोणाच्या मैदानावर व्हायचा हे तेव्हा कामगिरीवर ठरत नसे, गटांच्या आळीपाळीने आधीच ठरलेले असे. त्यामुळे अकरा सामने जिंकलेल्या रॅम्सना ऐन डिसेंबरात विस्कॉन्सिनला यावे लागले. पुढे १९७०पासून गटविजेता नसलेल्या एका चांगल्या संघालाही प्रत्येक विभागातून प्रवेश मिळू लागला आणि १९७५पासून घरच्या मैदानाचा हक्क कामगिरीवर ठरू लागला.

प्रश्न : न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस यांच्या रांगेत ग्रीन बेसारखे शहर कसे टिकले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : १९६०च्या जनगणनेत ग्रीन बेची लोकसंख्या सुमारे त्रेसष्ट हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढी. १९१९मध्ये स्थापन झालेला हा संघ १९२३पासून कोणा एका धनिकाचा नाही, गावकऱ्यांनी घेतलेल्या भागांवर चालणाऱ्या संस्थेचा आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते विकून नफाही कमावता येत नाही. संघ अडचणीत आला तेव्हा १९३५ आणि १९५०मध्ये लोकांनी पुन्हा भाग विकत घेऊन तो वाचवला. १९५६मध्ये नव्या मैदानासाठी शहराने कर्ज उभारावे की नाही यावर मतदान झाले आणि नागरिकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. तेच मैदान आज लॅम्बो फील्ड म्हणून ओळखले जाते.

पण केवळ लोकभावनेवर हे साधले नसते. १९६१मध्ये अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यामुळे लीगला सर्व संघांच्या वतीने दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकता येऊ लागले. आयुक्त पीट रोझेल यांच्या आग्रहाने त्या रकमेची सर्व संघांत समान वाटणी होऊ लागली, आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या बाजारपेठेएवढाच वाटा ग्रीन बेच्याही पदरात पडला. संघाचे काही घरचे सामने मिलवॉकी या मोठ्या शहरात होत, तेही उत्पन्नासाठीच.

प्रश्न : १९६७च्या संघाला ‘थकलेला संघ’ म्हणतात. नेमके काय बिघडले होते, आणि तरीही तो अखेरपर्यंत कसा पोहोचला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या हंगामाविषयी विचारायला हवा तो हाच प्रश्न. ३१ डिसेंबरला बर्फात झालेल्या प्रसिद्ध अंतिम सामन्याच्या शेवटच्या चालीवर इतके लिहिले गेले आहे, की त्याआधीच्या साडेतीन महिन्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. मला मात्र पॅकर्सचे मोठेपण त्या साडेतीन महिन्यांत दिसते.

प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी १९५९मध्ये ग्रीन बेला आले. आदल्या वर्षी या संघाने बारांपैकी एकच सामना जिंकला होता. त्यांनी १९६१, १९६२, १९६५ आणि १९६६ अशी चार विजेतेपदे मिळवून दिली. १९६६च्या हंगामाअखेरीस, १५ जानेवारी १९६७ रोजी, प्रतिस्पर्धी लीगच्या कॅन्सस सिटी चीफ्सना ३५-१० असे हरवून पॅकर्सनी पहिला सुपर बोल, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधला सामनाही जिंकला. आता सलग तिसरे विजेतेपद खुणावत होते. संघ मात्र वयाने वाढला होता, आणि ज्यांच्या पायांवर लोम्बार्डींचा धावता खेळ उभा होता ते पॉल हॉर्नंग आणि जिम टेलर हे दोघेही निघून गेले होते. हॉर्नंग यांना न्यू ऑर्लिन्सच्या नव्या संघाने निवडले, पण मानेच्या दुखापतीमुळे त्यांना खेळच सोडावा लागला. टेलर पैशांच्या वादातून त्याच संघाकडे गेले. दोन लीगमधल्या चढाओढीत पॅकर्सनी डॉनी अँडरसन आणि जिम ग्रॅबोव्स्की या दोन नवोदितांसाठी मिळून सुमारे दहा लाख डॉलर मोजले होते, आणि वर्षानुवर्षे अंगावर घाव झेललेल्या टेलर यांना ते सलणे स्वाभाविक होते.

हंगामाची सुरुवात वाईट झाली. पहिल्या दोन सामन्यांत स्टार यांनी फेकलेले नऊ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी अडवून ताब्यात घेतले. १९६६च्या अख्ख्या हंगामात असे फक्त तीन चेंडू गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे दुखापतींनी त्यांना किती जेरीस आणले होते ते कळते. लायन्सविरुद्धचा सामना १७-१७ असा सुटला आणि बेअर्सविरुद्ध डॉन चँडलर यांच्या उशिराच्या फील्ड गोलमुळे १३-१० असा निसटता विजय मिळाला. ऑक्टोबरमध्ये त्या वर्षी तळाला राहिलेल्या व्हायकिंग्जनीही त्यांना १०-७ असे हरवले. ५ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये कोल्ट्सनी अखेरच्या काही मिनिटांत दोन टचडाउन करून १३-१० असा विजय हिसकावला. त्याच सामन्यात ग्रॅबोव्स्की आणि एलायजा पिट्स हे दोन्ही मुख्य धावपटू जायबंदी झाले. पिट्स यांचा हंगाम तिथेच संपला, आणि हॉर्नंग-टेलर यांच्या जागी उभी केलेली जोडीही राहिली नाही.

अशा स्थितीत लोम्बार्डींनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्क जायंट्सने सोडून दिलेल्या चक मर्सीन या खेळाडूला त्यांनी संघात घेतले. ट्रॅव्हिस विल्यम्स हा नवोदित वेगवान धावपटू तोवर किक-ऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्याने लाथेने मारलेला चेंडू झेलून परत धावण्यापुरताच होता. त्याला त्यांनी अधिकाधिक वाव दिला. पुढच्याच रविवारी क्लीव्हलंड ब्राउन्सविरुद्ध विल्यम्सने पहिल्या पंधरा मिनिटांत दोन किक-ऑफ थेट टचडाउनपर्यंत नेले आणि पॅकर्सनी ५५-७ असा सामना जिंकला. त्या हंगामात त्याने अशी चार टचडाउन केली.

आणि बचावफळी जागेवर होती. रे निचकी, विली डेव्हिस, हेन्री जॉर्डन, हर्ब ॲडर्ली, विली वुड, डेव्ह रॉबिन्सन हे सारे तेच होते. चौदा सामन्यांत तिने २०९ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे पंधराच्या आसपास. आक्रमण अडखळत असताना एकेक सामना तिने ओढून नेला. २६ नोव्हेंबरला शिकागोमध्ये बेअर्सना १७-१३ असे हरवून पॅकर्सनी तीन सामने शिल्लक ठेवून गट जिंकला. त्या तिघांपैकी दोन त्यांनी गमावले. एक पराभव रॅम्सकडून होता. अखेरच्या मिनिटात पॅकर्सची किक अडवून रॅम्सनी २७-२४ अशी बाजी मारली होती. वर्तमानपत्रांनी पॅकर्स संपल्याचे लिहिले. दोन आठवड्यांनी, २३ डिसेंबरला मिलवॉकीत, त्याच रॅम्सनी पहिला टचडाउन केला आणि त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. निकाल २८-७. माझ्या मते त्या हंगामातला पॅकर्सचा सर्वांत परिपूर्ण खेळ हाच होता, आणि त्याची आठवण फार थोडे लोक काढतात.

प्रश्न : ३१ डिसेंबर १९६७चा सामना इतक्या थंडीत खेळवलाच का? आणि शेवटी बरोबरीचा फील्ड गोल हाताशी असताना पॅकर्सनी तो का मारला नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : डॅलस काउबॉइजविरुद्धच्या त्या लीग-अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी हवामान त्या भागाच्या मानाने बरे होते. रात्रीतून थंडीची लाट आली आणि सामना सुरू होताना तापमान उणे १३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे २५ अंश सेल्सियस होते. तिकिटे विकली गेली होती, देशभर प्रक्षेपण ठरले होते, आणि पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक मैदानात येऊन बसले होते. खेळाडूंचा आणि प्रेक्षकांचा विचार करता तो सामना पुढे ढकलायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. मध्यंतरात वाजवायला आलेल्या विद्यार्थी-वाद्यवृंदाची वाद्ये गोठली आणि त्यातल्या काही मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. एका पंचाची धातूची शिट्टी ओठांना चिकटून कातडी निघाली, आणि त्यानंतर पंचांनी तोंडाने ओरडूनच निर्णय दिले.

मैदानाखाली त्याच वर्षी विजेच्या तारांची तापवणी यंत्रणा बसवली होती. लोम्बार्डींना तिचा मोठा अभिमान होता. पण सकाळी वरचे ताडपत्रीचे आच्छादन काढताच खाली साचलेला ओलावा गोठला आणि गवतावर काचेसारखा थर धरला.

पॅकर्सनी बॉयड डाउलर यांच्या दोन टचडाउनमुळे १४-० अशी आघाडी घेतली. मग त्यांच्या दोन चुकांमुळे डॅलसला दहा गुण मिळाले. चौथ्या सत्राच्या पहिल्याच चालीत डॅन रीव्ह्ज यांनी धावण्याचा आव आणून ऐन वेळी चेंडू फेकला आणि लान्स रेंट्झेल यांनी पन्नास यार्डांचा टचडाउन केला. डॅलस १७-१४ने पुढे गेले. दुसऱ्या टचडाउननंतरच्या ३१ चालींत पॅकर्स एकूण नऊ यार्ड मागेच सरकले होते, आणि स्टार यांना त्या दिवशी आठ वेळा चेंडूसह पाडण्यात आले. हे आकडे पाहिले म्हणजे त्यानंतर जे झाले त्याचे मोल कळते.

पाच मिनिटांहून किंचित कमी वेळ उरला असताना पॅकर्सना स्वतःच्या ३२ यार्डांवर चेंडू मिळाला. ६८ यार्ड जायचे होते. स्टार यांनी लांब चेंडू फेकण्याचा मोह टाळला. निसरड्या मैदानावर बचाव करणाऱ्याला वळता येत नाही, मात्र कुठे वळायचे हे धावणाऱ्याला आधीच ठाऊक असते, हे ओळखून त्यांनी अँडरसन आणि मर्सीन यांच्याकडे छोटे छोटे चेंडू दिले. त्या ६८ यार्डांपैकी निम्मे, म्हणजे ३४ यार्ड, एकट्या मर्सीनचे होते. त्यांतले आठ यार्ड पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे आहेत. डॅलसचे बॉब लिली इतके चपळ होते की समोरचा खेळाडू बाजूला धावू लागला की ते चाल ओळखून त्याच्या मागे झेपावत. स्टार यांनी त्याच चपळाईचा फायदा घेतला. पॅकर्सचा गेल गिलिंगहॅम मुद्दाम बाजूला धावला, लिली त्याच्या मागे गेले आणि त्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेतून मर्सीन थेट तीन यार्डांच्या रेषेपर्यंत पोहोचला. लिली जागचे हलले नसते तर ती चाल तिथेच फसली असती. दिवसभर राखून ठेवलेली ही युक्ती स्टार यांनी नेमक्या वेळी बाहेर काढली.

पुढे चेंडू एक यार्डावर आला. अँडरसन दोनदा धावले, दोन्ही वेळा पाय घसरले. सोळा सेकंद उरले, शेवटचा टाइम-आउट संपला. आपण म्हणता तो फील्ड गोल १७-१७ अशी बरोबरी करून देणारा होता. चेंडू फेकून तो वाया गेला असता तर घड्याळ थांबून फील्ड गोलला वेळ मिळाला असता. धावताना अडवले गेले असते तर बहुधा सामनाच संपला असता. तरीही स्टार यांनी लोम्बार्डींना सांगितले की मी स्वतः चेंडू घेऊन पुढे घुसू शकतो, आणि त्यांनी होकार दिला. त्यात दोन हिशेब होते, असे मला दिसते. गोठलेल्या जमिनीवर चेंडू मारणाऱ्याचा पायही घसरू शकतो. शिवाय त्या थंडीत जादा वेळ खेळण्याचे त्राण दोन्ही संघांत उरले नव्हते. पण याला आंधळा जुगार म्हणता येणार नाही. डॅलसचे जेथ्रो प्यू अशा वेळी पवित्रा उंच ठेवतात, हे त्या आठवड्यात पॅकर्सचे जेरी क्रेमर यांनी चित्रफितीत हेरले होते, आणि चाल नेमकी त्यांच्याच दिशेने ठरली. क्रेमर आणि केन बोमन यांनी प्यू यांना मागे रेटले, स्टार त्या फटीतून आत पडले आणि तेरा सेकंद बाकी असताना पॅकर्स २१-१७ने पुढे गेले. स्टार चेंडू स्वतःकडेच ठेवणार हे त्यांनी बाकीच्यांना सांगितले नव्हते. त्यामुळे चेंडू आपल्याला मिळणार असे समजून मर्सीन मागून धावत आला. त्या क्षणाच्या छायाचित्रात त्याचे दोन्ही हात वर दिसतात. तो जल्लोष नव्हता. आपण स्टार यांना मागून ढकलले नाही, कारण ते नियमबाह्य होते, हे तो पंचांना दाखवत होता.

प्रश्न : ‘जिंकणे हेच सर्वस्व’ असे लोम्बार्डी म्हणत. अशा कठोर माणसाचे कौतुक का करावे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ते वाक्य मूळ त्यांचे नव्हे. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाचे प्रशिक्षक रेड सँडर्स ते आधीपासून वापरत होते. लोम्बार्डी कठोर होते, सरावात खेळाडूंना झोडपून काढत, दुखापतीची तक्रार त्यांना खपत नसे, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्यांच्याविषयी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलांत आणि घरे देताना सर्रास डावलले जाई अशा त्या काळात, त्यांना सेवा नाकारणाऱ्या ग्रीन बेच्या कोणत्याही ठिकाणी आपल्या संघातला एकही खेळाडू पाऊल टाकणार नाही, असे त्यांनी शहरातल्या मालकांना बजावले. १९६७च्या बचावफळीतील अकरा नियमित खेळाडूंपैकी सहा कृष्णवर्णीय होते आणि त्या फळीचे नेतृत्व विली डेव्हिस यांच्याकडे होते. ज्या फळीने हंगाम तारला असे मी वर म्हटले ती अशी घडली होती.

प्रश्न : त्यानंतरच्या सुपर बोलचे आणि पुढच्या वर्षाचे काय झाले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १४ जानेवारी १९६८ रोजी मायामीत पॅकर्सनी ओकलंड रेडर्सना ३३-१४ असे सहज हरवले. चँडलर यांनी चार फील्ड गोल मारले, ॲडर्ली यांनी अडवलेला चेंडू साठ यार्ड नेऊन टचडाउन केला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान सलग दुसऱ्या वर्षी स्टार यांना मिळाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण सामन्यात चुरसच नव्हती. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला लोम्बार्डींनी प्रशिक्षकपद सोडले आणि केवळ व्यवस्थापक म्हणून राहिले. वर्षभरानंतर ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले आणि ३ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या ५७व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सुपर बोलच्या चषकाला त्यांचेच नाव आहे.

त्यांचे सहकारी फिल बेंग्टसन यांच्या हाताखाली १९६८मध्ये पॅकर्सनी सहा सामने जिंकले, सात गमावले. लोम्बार्डी नव्हते म्हणून सारे कोसळले, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. चँडलर निवृत्त झाले होते, आणि फील्ड गोल मारायला भरवशाचा माणूसच न सापडल्याने त्या हंगामात चार जणांना आळीपाळीने उभे करावे लागले. त्यांत क्रेमर आणि मर्सीन हेही होते. ज्या संघाने आदल्या वर्षी बेअर्सविरुद्धचा सामना एका फील्ड गोलने वाचवला होता, त्याला असे जवळचे सामने आता राखता येईनात.